खालचे आकाश : प्रस्तावना

२१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कजवळ, स्टेटन आयलंडच्या पूर्वेला, अमेरिकी लष्कराचे एक ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पाण्यावरून सुमारे तीनशे फुटांवरून चालले होते. संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरलेली असल्यामुळे त्या भागात उड्डाणांवर तात्पुरते निर्बंध होते. तरीही एक ड्रोन वर होते. दोघांची टक्कर झाली. हेलिकॉप्टरच्या मुख्य पंख्याच्या एका पात्याला दीड इंचाची खोच पडली. वैमानिकांनी ते सुखरूप उतरवले. नंतर तपासणीत त्यात अडकलेली ड्रोनची मोटर सापडली आणि तिच्यावरच्या क्रमांकावरून तपास अधिकारी मालकापर्यंत पोहोचले. टकरीच्या वेळी तो अडीच मैल दूर उभा होता, ड्रोन केव्हाच नजरेआड गेले होते आणि तो हातातल्या पडद्याकडे बघत होता. ड्रोन परतले नाही तेव्हा ते पाण्यात पडले असावे अशी त्याने समजूत करून घेतली. टक्कर झाली हे त्याला तपास अधिकाऱ्यांनी गाठल्यावर कळले.

या घटनेत कोणी दगावले नाही, म्हणून ती लवकर विसरली गेली. मला मात्र खालच्या आकाशातला सगळा पेच तिच्यात दिसतो. ज्याच्या ड्रोनची टक्कर झाली त्याला टक्कर झाल्याचे माहीत नाही. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांना ड्रोन वेळेत दिसण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. आणि जमिनीवर बसलेल्या कोणाच्याही पडद्यावर ती दोन्ही याने एकत्र नव्हती. तिघेही आपापल्या जागी आंधळे होते.

नागरी विमान वाहतुकीतला सर्वांत जुना नियम अगदी साधा आहे: बघा आणि टाळा. रडार आले, ट्रान्सपॉन्डर आले, उपग्रह आले, तरी हा नियम अजून रद्द झालेला नाही. ढगांपासून दूर, स्वच्छ हवेत, स्वतःच्या जबाबदारीवर उडणारा प्रत्येक वैमानिक आजही डोळ्यांवर विसंबतो. नियंत्रण कक्षातून आम्ही नियंत्रक वैमानिकाला समोरच्या विमानाची माहिती द्यायचो आणि वरून उत्तर यायचे, 'ट्रॅफिक इन साइट', म्हणजे समोरचे विमान दिसले. त्या तीन शब्दांनी खोलीतला ताण उतरायचा. 'निगेटिव्ह कॉन्टॅक्ट', म्हणजे दिसले नाही, असे आले की पुन्हा मान वर, पुन्हा पडदा, पुन्हा अंतर. ड्रोनच्या बाबतीत हा संवादच होऊ शकत नाही. ड्रोनमध्ये डोळे लावून बसलेला माणूस नसतो, आणि बाहेरच्याला ड्रोन दिसत नाही.

दिसत नाही म्हणजे किती, याचा हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. समोरची वस्तू दिसणे, ती काय आहे हे उमगणे, धडकेचा धोका ओळखणे, वळायचे कुठे हे ठरवणे, हात हलवणे आणि यानाने प्रत्यक्ष वळणे, या सगळ्याला मिळून अमेरिकी विमान प्रशासनाच्या मार्गदर्शनात साडेबारा सेकंद धरले आहेत. ताशी दोनशे किलोमीटरने जाणारे हेलिकॉप्टर तेवढ्या वेळात सुमारे सातशे मीटर कापते. म्हणजे वैमानिकाला ड्रोन सातशे मीटरवरून दिसायला हवे. लग्नात चित्रीकरणाला वापरतात तसले ड्रोन साधारण पस्तीस सेंटिमीटर रुंद असते. सातशे मीटरवर ते डोळ्याला किती वाटेल? दहा मीटरवर ठेवलेल्या तुरीच्या दाण्याएवढे. तोही दाणा समोर डोंगर, घरे, झाडी असताना, हादरणाऱ्या काचेतून शोधायचा, आणि तो नेमका कुठल्या दिशेला आहे हे आधी कोणी सांगितलेले नसताना. माणसाच्या डोळ्याची क्षमता इथे संपते. वैमानिकाची दक्षता वाढवून हा प्रश्न सुटणार नाही. तो सुटायचा तर ड्रोनने स्वतःहून दुसऱ्यांना दिसण्याची सोय करायला हवी. हे पुस्तक वाचताना माझ्या मनात सतत हेच होते, आणि या प्रस्तावनेत मला सांगायचे आहे तेही हेच.

खालचे आकाश रिकामे आहे, हा समज ड्रोनच्या आधीपासूनचा आहे. प्रवासी विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर जाते, म्हणून खालचे हजार फूट कोणाचेच नाहीत असे लोकांना वाटते. मुंबईत जुहूच्या धावपट्टीवरून समुद्रातल्या तेलविहिरींकडे कामगारांना नेणारी हेलिकॉप्टरे वर्षानुवर्षे ये-जा करत आली आहेत, आणि जुहू सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळाला अगदी खेटून आहे. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, गोव्याचे दाबोळी नौदलाचे. नाशिकजवळ ओझरला विमाने बांधून त्यांच्या चाचण्या घेतात. मावळात कामशेतच्या डोंगरांवर हंगामात पॅराग्लायडर वाऱ्यावर तरंगत असतात. त्यांच्याजवळ इंजिन नसते, बहुतेकांकडे ट्रान्सपॉन्डर नसतो, आणि एखाद्या ड्रोनने दोऱ्या कापल्या तर दुसरा आधार म्हणजे फक्त राखीव पॅराशूट. पुराच्या काळात बचावाची हेलिकॉप्टरे नेमकी त्याच उंचीवर घिरट्या घालतात जिथे हौशी माणसे पुराचे चित्रण करायला ड्रोन चढवतात. शिवाय पतंग आहेत, आणि घारी आहेत. घार आपल्या हद्दीत शिरलेल्या ड्रोनवर झेपावते, हे शहरात ड्रोन उडवणाऱ्या कोणालाही विचारावे.

अशा वस्तीत ड्रोन आले, आणि आपल्याकडे ते एका गंमतीच्या बातमीतून सर्वांना कळले. मे २०१४ मध्ये मुंबईतल्या एका पिझ्झेरियाने वरळीच्या एका उंच इमारतीवर ड्रोनने पिझ्झा पोहोचवला. त्याची चित्रफीत गाजली, पोलिसांनी चौकशी सुरू केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम ठरेपर्यंत नागरी वापरासाठी ड्रोन उडवायला मनाई करणारी सूचना काढली. चार वर्षे देशात अधिकृतपणे ड्रोन जवळजवळ नव्हतेच. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नाच्या वरातीवर ड्रोन फिरत होते. बंदीने ड्रोन थांबली नाहीत, फक्त नोंदीबाहेर गेली. माझ्या मते त्या चार वर्षांचे खरे नुकसान हे झाले. उडवणाऱ्यांची एक पिढी कोणाला न विचारता, कोणाला न कळवता उडवायला शिकली. डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली, मार्च २०२१ मध्ये दुसरी आली, ती जाचक म्हणून पाच महिन्यांत बाजूला पडली, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी आजचे ड्रोन नियम आले.

या नियमांनी आकाशाचा नकाशा तीन रंगांत वाटून दिला. हिरव्यात जमिनीपासून चारशे फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी न मागता उडवता येते. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा दोनशे फुटांवर येते. त्यापलीकडे पिवळा, तिथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. पूर्वी विमानतळाभोवती पंचेचाळीस किलोमीटर पसरलेला पिवळा पट्टा बारावर आणला. ड्रोनचे वजनावरून पाच गट केले: अडीचशे ग्रॅमपर्यंतचे नॅनो, तिथपासून दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत लहान, दीडशेपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे. शेतकऱ्याला, सर्वेक्षकाला, छायाचित्रकाराला श्वास घ्यायला जागा मिळाली. हे काम चांगले झाले, आणि ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे.

पण नकाशा म्हणजे सोबत नव्हे. रंगीत नकाशा ड्रोनला कुठे जाऊ नये हे सांगतो. हिरव्या भागात त्याच क्षणी आणखी कोण आहे, हे तो सांगू शकत नाही. वेगळे ठेवणे ही एक गोष्ट, आणि एकाच जागेत एकमेकांना सांभाळून असणे ही दुसरी. आजवर आपण बहुतांशी पहिलेच केले आहे. ते पुरेसे होते तोवर ठीक होते. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारहून झाप गावाला लस न्यायची, शेजारच्या गावात उसावर फवारणी करायची, महामार्गाचे मोजमाप करायचे आणि त्याच वेळी अपघातग्रस्ताला उचलायला हेलिकॉप्टर यायचे, अशी वेळ आली की नकाशा अपुरा पडतो.

वजनाच्या मोजपट्टीबद्दलही माझे मत इथे स्पष्ट लिहितो. सांगलीकडे उसाच्या शेंड्यांवर दोन-तीन मीटर उंचीवरून औषध मारणारे दहा लिटर टाकीचे ड्रोन पंचवीस किलोच्या घरात जाते. शेतातल्या माणसांना त्याच्या पात्यांचा धोका आहे, औषधाच्या तुषारांचाही आहे, आणि त्याची काळजी घेतलीच पाहिजे. पण विमानाला त्याच्यापासून जवळजवळ काहीच भय नाही, कारण त्या उंचीवर विमान कधी येतच नाही. उलट एखादे छोटेखानी ड्रोन, कोणाच्या लक्षातही न येणारे, चुकीच्या जागी चुकीच्या उंचीवर गेले तर काय होते ते जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला दिसले. पॅलिसेड्सचा वणवा पेटलेला असताना समुद्रातून पाणी भरून ते आगीवर ओतणाऱ्या कॅनडाच्या विमानाच्या पंखाला असे एक ड्रोन धडकले. पंखाला सुमारे तीन इंच बाय सहा इंचाचे भोक पडले. विमान सुखरूप उतरले, पण आग ऐन भरात असताना ते काही दिवस जमिनीवर राहिले. ड्रोन उडवणारा सांता मोनिकातल्या एका पार्किंग इमारतीच्या गच्चीवर होता. ड्रोन अडीच किलोमीटरच्या आसपास गेले आणि मग त्याला दिसेनासे झाले. या घटनेत जे काही ठरले ते जागेने आणि उंचीने ठरले. युरोपने आधीच वजनाबरोबर कामाचा धोका मोजायची पद्धत घेतली आहे: कुठे, कोणाच्या डोक्यावरून, नजरेच्या टप्प्यात की पलीकडे. आपल्यालाही तिकडे जावे लागेल.

उंचीचा प्रश्न या सगळ्यात सर्वांत कमी समजलेला आहे आणि महाराष्ट्रासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. विमानातला उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि नियंत्रकाने दिलेल्या दाबाच्या आकड्यावर तो लावून वैमानिक समुद्रसपाटीपासूनची उंची वाचतो. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारा आकडा बहुधा जिथून उडवले तिथपासूनचा असतो. आणि नियम बोलतो तो खालच्या जमिनीपासूनच्या उंचीबद्दल. तीन वेगळे शून्य. पंजाबच्या सपाट शेतात यातले शेवटचे दोन एकच होतात, त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. सह्याद्रीत मात्र सगळे उलटेपालटे होते. समजा कोणी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभे राहून ड्रोन वर न चढवता फक्त समोर ढकलले. पडद्यावर उंची शून्य. पण कड्याची धार ओलांडताच खालची जमीन शेकडो मीटर खाली गेलेली असते, आणि १२० मीटरची मर्यादा त्या एका क्षणात मोडते. उडवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण त्याचे यंत्र त्याला शून्यच दाखवत असते. आता त्याच कड्याच्या जागी कामशेतची डोंगरधार घ्या. वारा धारेवर आपटून वर चढतो, आणि पॅराग्लायडर त्या चढत्या वाऱ्यात धारेच्या थोडे वर, धारेला समांतर मागे-पुढे जात राहतात. धारेवर उभ्या असलेल्या माणसाचे पन्नास मीटर उंचीवरचे ड्रोन नेमके त्यांच्या वाटेत असते. दोघेही आपापल्या समजुतीने नियमात. या पुस्तकातले उंचीबद्दलचे विवेचन मी प्रत्येक ड्रोन प्रशिक्षण केंद्रात वाचायला लावीन. ड्रोनमध्ये जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा असणे आणि त्यावरून खरी उंची दाखवणे आज तंत्रदृष्ट्या अवघड नाही. ते ऐच्छिक का असावे, हे मला कळत नाही.

आता ड्रोनने दुसऱ्यांना दिसण्याच्या प्रश्नाकडे येतो. विमाने एकमेकांना विद्युत-संकेतांनी दिसतात ही गोष्ट आपण सहज धरून चालतो, पण ती फार मोठी किंमत देऊन मिळालेली आहे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने एकमेकांवर आदळली आणि १२८ माणसे गेली. दोन्ही नियंत्रणाबाहेरच्या हवेत, डोळ्यांच्या भरवशावर उडत होती. त्या अपघातानंतर अमेरिकेने देशभर रडार उभारण्याचा वेग वाढवला आणि १९५८ मध्ये स्वतंत्र विमान प्रशासनाचा कायदा केला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे इल्यूशिन ७६, हरियाणातल्या चरखी दादरीच्या वर एकाच हवाई मार्गावर समोरासमोर. एकाला चौदा हजार फुटांची परवानगी, दुसऱ्याला पंधरा हजारांची. मध्ये फक्त हजार फूट. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरच्या वाहतुकीची माहिती दिली होती, दिसल्यावर कळवायला सांगितले होते. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले. ३४९ जण गेले, दोन्ही विमानांतले सगळे. त्या काळी दिल्लीत दुय्यम रडार चालू नव्हते, त्यामुळे नियंत्रकाच्या पडद्यावर विमानाचा ठिपका होता पण त्याची उंची नव्हती. हवाई दलाच्या ताब्यातल्या हद्दीमुळे जाणारी आणि येणारी विमाने एकाच चिंचोळ्या मार्गावर होती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे झाले आणि भारतात येणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी स्वयंचलित यंत्रणा बंधनकारक झाली.

माझ्या पिढीच्या नियंत्रकांनी चरखी दादरीच्या नंतरचे आकाश सांभाळले. प्रत्येक नवा नियम वाचताना तो कोणाच्या मृत्यूनंतर लिहिला गेला हे आम्हाला ठाऊक असायचे. विमान वाहतुकीची सुरक्षितता अशीच, अपघातामागून अपघात, घडत आली. ड्रोनच्या बाबतीत हा क्रम उलटवण्याची संधी आपल्याला मिळाली आहे. मोठा अपघात अजून झालेला नाही. लहान टकरी झाल्या आहेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये कॅनडात क्यूबेक शहराच्या विमानतळाकडे उतरणाऱ्या आठ माणसांच्या विमानाला सुमारे पंधराशे फुटांवर ड्रोन धडकले आणि विमान सुखरूप उतरले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत एका लहान विमानाच्या पंखावर सुमारे एक किलोचे ड्रोन वेगाने आदळवले. तेवढ्याच वजनाचा जिलेटिनचा नकली पक्षी आदळवला तेव्हा पंखाच्या पुढच्या कडेची मोडतोड जास्त झाली होती. ड्रोन मात्र पंखाची कातडी फोडून आत शिरले आणि ज्या तुळईवर पंख तोललेला असतो तिलाच त्याने इजा केली. मोटर आणि बॅटरी पक्ष्याच्या हाडामांसासारखी चेपत नाहीत. त्या प्रयोगात धरलेला वेग अतिरेकी होता असा आक्षेप ड्रोन बनवणाऱ्यांनी घेतला, आणि तोही ऐकून घेण्याजोगा आहे. तरी माहिती पुरेशी आहे.

मग प्रत्येक ड्रोनवर विमानासारखाच संकेत देणारा ट्रान्सपॉन्डर का बसवू नये? पुष्कळ लोक हे विचारतात. विमाने आपली जागा, वेग आणि उंची ज्या ठरावीक लहरींवर सतत सांगत असतात, तिथे एका शहरातल्या हजारो ड्रोननी एकदम बोलायला सुरुवात केली तर विमानांचा आवाजच बुडेल. म्हणून अमेरिकेने छोट्या ड्रोनना ती लहर वापरायला उलट मनाई केली आणि त्याऐवजी जवळच्या अंतरात ओळख सांगणारी वेगळी व्यवस्था आणली, रिमोट आयडी. ड्रोन आपला क्रमांक, जागा आणि उडवणारा कुठे उभा आहे ते प्रसारित करत राहते. मार्च २०२४ पासून तिथे ती काटेकोरपणे लागू झाली. आपल्या २०२१ च्या नियमांतही असे काही लिहिले आहे: परवानगी नसेल तर उड्डाण नाही अशी ड्रोनमध्येच बसवलेली अट, प्रत्यक्ष वेळेत ठावठिकाणा सांगणारा बीकन, आणि निषिद्ध हद्दीत शिरू न देणारे कुंपण. पण हे सगळे पुढे अधिसूचना काढून आणि त्यानंतर किमान सहा महिन्यांची मुदत देऊन लागू करायचे, असे ठरले. या नियमावलीतली सर्वांत महत्त्वाची कलमे माझ्या दृष्टीने हीच होती, आणि नेमकी तीच 'पुढे'वर ठेवली गेली. उद्योगाला वेळ हवा होता, हे खरे. पण ओळख न देणारे प्रत्येक ड्रोन विकले जाते तेव्हा पुढचे काम तेवढे अवघड होते.

ओळख नसल्याची किंमत किती मोठी असते ते डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाने भोगले. नाताळच्या तोंडावर धावपट्टीजवळ ड्रोन दिसल्याच्या खबरा आल्या. सुमारे एक हजार उड्डाणे बिघडली, एक लाख चाळीस हजारांच्या आसपास प्रवासी अडकले. कोणावरही गुन्हा शाबीत झाला नाही. वर काय आहे हे पाहण्याची विश्वासार्ह सोय नसली की नुसती शंकासुद्धा विमानतळ बंद पाडू शकते. आणि शंका आली असता विमानतळ बंद करणाऱ्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही. मीही तेच केले असते.

ओळखीच्या पुढची पायरी म्हणजे आधी सांगून उडणे. या विचाराला आकार देणाऱ्यांत नासाच्या एम्स केंद्रातले परिमल कोपर्डेकर यांचे नाव अग्रभागी आहे, आणि ते आडनाव मराठी वाचकाला परके वाटणार नाही. त्यांच्या पुढाकाराने नासाने ड्रोन वाहतुकीच्या व्यवस्थापनाची, म्हणजे यूटीएमची, कल्पना २०१५ पासून पायरीपायरीने तपासली: आधी मोकळ्या रानात, मग नजरेपलीकडे, मग वस्तीच्या कडेला, आणि २०१९ मध्ये नेव्हाडातल्या रिनो आणि टेक्सासमधल्या कॉर्पस क्रिस्टी या शहरांत. तत्त्व असे की माणसाने बोलून हाताळणारे नियंत्रण ड्रोनच्या संख्येला पुरणार नाही. त्याऐवजी प्रत्येक चालकाने उड्डाणापूर्वी आपली वाट जागा आणि वेळ या दोन्ही मापांनी कळवायची. या नळीसारख्या जागेत मी अमुक मिनिटापासून तमुक मिनिटापर्यंत असेन. दोन कंपन्यांच्या नळ्या एकमेकींत शिरत असतील तर यंत्रणा ते आधीच दाखवते आणि एकजण वाट किंवा वेळ बदलतो. हवेत गेल्यावर वळणे ही शेवटची पळवाट, पहिला उपाय नव्हे. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेने डॅलस परिसरात झिपलाइन आणि विंग या दोन कंपन्यांना अशी माहितीची देवाणघेवाण करत एकाच आकाशात, नजरेपलीकडे, सामान पोहोचवायची परवानगी दिली. भारतानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये यूटीएमचा धोरण आराखडा प्रसिद्ध केला. त्यात हे काम खासगी सेवादात्यांनी करायचे आणि सरकारने त्यांच्यावर देखरेख ठेवायची, अशी रचना आहे. ती मला पटते. मात्र सेवा कोणीही देवो, आकाशाचे चित्र एकच असले पाहिजे. दोन कंपन्यांनी एकाच गावावरची हवा दोन वेगवेगळ्या पडद्यांवर पाहिली आणि ते पडदे एकमेकांशी बोलले नाहीत, तर पुन्हा सगळे आंधळे.

यातून कामशेतचा पॅराग्लायडर सुटतो, कारण तो कोणाला काहीच कळवत नाही. युरोपने आपल्याकडच्या अशा उडणाऱ्याला सांगितले आहे की ड्रोनसाठी राखलेल्या विशेष हद्दीत, नियंत्रकाच्या सेवेशिवाय यायचे असेल तर तूही विद्युत-संकेतांनी दिसायला हवेस. त्यासाठी स्वस्त साधने, अगदी मोबाइलवर चालणारीही, मान्य केली आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ग्लायडरवाल्यांनी तर आपसातल्या टकरी टाळण्यासाठी २००४ मध्येच फ्लार्म नावाचे छोटे यंत्र आणले होते. माझा कल थोडा वेगळा आहे. जो आधीपासून त्या हवेत आहे आणि ज्याचा जीव तिथे टांगलेला आहे त्याला ओझे कमीत कमी पडावे, आणि नव्याने येणाऱ्याने, ज्याच्या यंत्रात माणूस नाही, त्याने टाळण्याची जबाबदारी घ्यावी. हे शक्य आहे. झिपलाइनने आपल्या ड्रोनवर मायक्रोफोन बसवले आहेत. विमानाच्या इंजिनाचा आवाज दुरून ऐकून ते कुठल्या दिशेने येते आहे ते ओळखायचे आणि स्वतः बाजूला व्हायचे. पॅराग्लायडरला इंजिन नाही, त्यामुळे तो यालाही ऐकू येणार नाही. म्हणून ज्या डोंगरधारा पॅराग्लायडरच्या म्हणून ओळखल्या जातात त्या हंगामापुरत्या ड्रोनच्या नकाशावर खुणावल्या जाव्यात, असे मला वाटते. त्याला फार खर्च नाही.

एवढे सगळे कशासाठी, असे विचारणाऱ्याला जव्हारकडे बोट दाखवावे. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या गावी करोनाची लस ड्रोनने गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मणिपुरात विष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकताक सरोवरातल्या करांग बेटावर लस गेली. रस्त्याने सव्वीस किलोमीटर, हवेतून पंधरा. बारा ते पंधरा मिनिटांत. रवांडात २०१६ पासून मुहांगाच्या केंद्रातून रुग्णालयांना रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जातात आणि छोट्या पॅराशूटने खाली सोडल्या जातात. आपल्या गावठाणांचे नकाशे, ज्यांच्यावरून भाऊबंदकीची कित्येक भांडणे पिढ्यानपिढ्या चालली, ते स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजले जात आहेत, आणि त्याचा पहिला पाठ पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गिरवला गेला. हे थांबावे असे कोणाला वाटेल? एक मोठा अपघात झाला तर मात्र ते थांबेल. ऑक्टोबर २०१४ सारखी एका पानाची सूचना निघेल आणि जव्हारची लस पुन्हा घाटाने जाईल. ड्रोनवर प्रेम करणाऱ्यांनी सुरक्षिततेच्या बाजूने सर्वांत आधी उभे राहावे, ते यासाठी.

शेवटी उडवणाऱ्या माणसांबद्दल. नमो ड्रोन दीदी योजनेत पंधरा हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले आणि त्या बायका प्रशिक्षण घेऊन शेतात उभ्या राहिल्या. बॅटरी लावण्याआधी पात्यांना तडा गेला आहे का ते बोट फिरवून पाहणे, वाऱ्याचा अंदाज घेणे, टाकी अर्धी असताना ड्रोन कलते का ते बघणे, हे सगळे त्या शिकतात. यात आणखी एका गोष्टीची भर पडावी. विमान वाहतुकीत टकरीच्या जवळ आलेली, पण टळलेली घटना सांगणाऱ्याला शिक्षा न करण्याची पद्धत जगभर रुजवावी लागली, कारण घाबरलेला वैमानिक गप्प बसतो आणि पुढचा वैमानिक तीच चूक करतो. ड्रोनवाल्याला आज एखादे हेलिकॉप्टर अंगावरून गेले तर तो ते कोणाला सांगणार? सांगितले तर परवाना जाईल, दंड होईल, अशीच त्याची समजूत असते, आणि अडीचशे ग्रॅमखालचे ड्रोन उडवणाऱ्याकडे तर परवानाच नसतो. त्याला मराठीत, मोबाइलवरून, दोन मिनिटांत, नाव उघड न करता अशी घटना कळवता आली पाहिजे. तारीख, वेळ, गाव, उंची, काय दिसले. अशा शंभर नोंदी एकत्र झाल्या तर कुठल्या घाटात, कुठल्या धरणाजवळ, कुठल्या महिन्यात धोका साचतो आहे ते अपघाताच्या आधी कळेल. डीजीसीएने ते करावे ही माझी मागणी आहे, आणि हे पुस्तक वाचून संपवल्यावर ज्यांच्या घरी ड्रोन आहे त्यांनीही ती करावी.